कोल्हापूर ते कोरिया, व्हाया वसगडे

आमच्या घरी संध्याकाळचे दोन कार्यक्रम ठरलेले असतात. आधी सासूबाईंची मराठी मालिका आणि मग जेवणं आटोपून, ओटा पुसून, दुधाला विरजण लावून झालं की माझी कोरियन मालिका. पहिल्या कार्यक्रमाला घरात मान आहे, दुसऱ्याची थट्टा. "लागली का तुझी चिनी मंडळी?" असं हे रोज विचारतात. "चिनी नाही, कोरियन," असं मी रोज सांगते. पाच वर्षं झाली, संवाद काही बदललेला नाही.

परवा शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "काय गं, आपल्याकडचं काही कमी आहे का बघायला? इतक्या लांबच्या माणसांचं तुला काय कळतं त्यात?" प्रश्न काही वाईट हेतूनं विचारलेला नव्हता. मी हसून वेळ मारून नेली. पण भांडी लावताना तोच डोक्यात घोळत राहिला. खरंच, मला काय कळतं त्यात? अन् गंमत अशी, की याचं उत्तर शोधायला मला आधी कोरियाला नाही, वसगड्याला जावं लागतं.

वसगडे हे आमच्या करवीर तालुक्यातलं गाव. कोल्हापुरातून उचगाव, गडमुडशिंगी करत हुपरीच्या वाटेला लागलं की येतं. ऊसशेती, दूधदुभतं, मध्ये एक जुना वाडा. असे वाडे आपल्याकडं पुष्कळ. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका सुरू झाली आणि हा वाडा एकदम 'राणादाचा वाडा' झाला. पहिलवान राणादा आणि शाळेतल्या पाठकबाई अवघ्या महाराष्ट्राच्या घरातल्या झाल्या. तांबडा-पांढरा रस्सा, कुस्ती आणि आमची रांगडी बोली टीव्हीवर रोज ऐकू यायला लागली. आम्हां कोल्हापूरकरांना तर आपल्याच घरात कॅमेरा आल्यासारखं वाटलं.

खरं म्हणजे कॅमेऱ्याचं अप्रूप आम्हाला असू नये. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती इथंच, आणि १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला. खरी कॉर्नरला त्याची आठवण म्हणून कॅमेऱ्याचं स्मारक आहे. भाजी आणायला जाता-येता आम्ही त्याला वळसा घालून जातो. 'प्रभात'चा जन्म १९२९ मध्ये याच गावात झाला. दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या तो 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये इथंच तयार झाला, आणि मग १९३३ मध्ये 'प्रभात'नं बिऱ्हाड पुण्याला हलवलं. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ तर आमच्या सासूबाईंच्या लहानपणाचा सोबती. त्यांच्या एका आत्यांनी म्हणे कुठल्याशा चित्रपटात गावच्या बायकांच्या घोळक्यात डोक्यावर घागर घेऊन चालायचं काम केलं होतं. पडद्यावर ती घागर चार पावलं दिसली असेल. घरात तिची गोष्ट पन्नास वर्षं चाललीय.

तेव्हा २०१७ च्या हिवाळ्यात सासूबाईंनी जाहीर केलं, "मला राणादाचा वाडा बघायचाय." ह्यांनी नेहमीप्रमाणे "त्यात काय बघायचं?" म्हणून अंग काढून घेतलं. मग एका रविवारी आम्ही दोघी आणि माझी मुलगी, अशा तीन पिढ्या रिक्षा करून निघालो. सासूबाईंनी इरकली साडी नेसली होती आणि पिशवीत चार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. "पोरगं कुस्ती खेळतंय, नुसत्या हातानं कसं जायचं?" मी हसू दाबलं.

उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रिक्षा रखडत होती. उजाड झालेले फड, धुरकट हवा, गुऱ्हाळाचा वास. याच अंगाला गांधीनगर-वळिवडे लागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, वळिवड्याला पोलंडहून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार माणसांची छावणी होती. त्यांत बायका-मुलंच जास्त. ते मी मुलीला सांगत होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सासूबाई सांगायच्या की. गोऱ्या बाया बाजारात यायच्या, हातानं खुणा करून भाजी घ्यायच्या. त्या काय रांधत्यात, ह्यांना लई बघू वाटायचं." तेव्हा ते बोलणं मी कानाआड केलं. आता वाटतं, लांबच्या बाईच्या चुलीवर काय शिजतंय हे डोकावून बघण्याची ओढ आमच्या घरात माझ्यापासून सुरू झालेली नाही!

वसगड्यात पोचलो तर जत्राच. लांबलांबच्या जिल्ह्यांच्या गाड्या, भेळेचे गाडे, मोबाइल उंच धरलेले हात. वाड्याच्या आत जायला मिळालं नाही. तास-दीड तास उभं राहून आम्ही बाहेरची भिंत आणि दरवाजा पाहिला. सासूबाई हिरमुसून म्हणाल्या, "टीव्हीत केवढा मोठा दिसतो गं!" राणादा काही दिसला नाही.

उन्हानं त्यांना थकवा आला म्हणून आम्ही पलीकडच्या एका दाराशी टेकलो. त्या घरातल्या आजी खराट्यानं दारातले कागदी कप आणि वेफरच्या पिशव्या गोळा करत होत्या. आम्हाला बघून त्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. "रोज येत्यात. वाडा बघत्यात आन् कागद हितं टाकून जात्यात." मग सासूबाईंच्या चेहऱ्याकडं पाहून आत गेल्या, तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जेवलासा काय?"

बस्स. राणादासाठी आणलेल्या भाकरी त्या आजींच्या ओसरीवर सुटल्या. त्यांनी आतून ताक आणलं, कांदा फोडला. तासभर दोघी म्हाताऱ्या गुडघ्यांवर, सुनांवर आणि उसाच्या बिलावर बोलत बसल्या. निघताना सासूबाईंनी पदर खोचून दारातले उरलेले कागद गोळा करू लागल्या, तेव्हा त्या आजींना हसू आलं.

गर्दी, गाड्या आणि कचरा यांनी गाव कंटाळल्याच्या बातम्या पुढं वर्तमानपत्रांत येतच राहिल्या. मालिकाही लांबत गेली. कथेनं इतक्या कोलांट्या घेतल्या की सासूबाईंनीच मध्ये सोडून दिली. जानेवारी २०२१ मध्ये ती संपली तेव्हा घरात कुणाला कळलंसुद्धा नाही. पण आजही त्या मालिकेचा विषय निघाला की सासूबाईंना वाडा आठवत नाही. आठवतं ते ताक आणि "जेवलासा काय?"

आता कोरियाकडं वळते. माझी कोरियन मालिकांशी पहिली ओळख २०२० च्या टाळेबंदीतली. शाळा बंद, मोबाइलवरून शिकवणं चालू, घरात सगळे चोवीस तास. मुलीनं 'क्रॅश लँडिंग ऑन यू' लावली. दक्षिण कोरियातली एक श्रीमंत मुलगी वादळात भरकटून उत्तर कोरियात जाऊन पडते आणि तिथल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरात लपून राहते, अशी कथा. मी येता-जाता बघत होते. पण त्या खेड्यातल्या बायका एकत्र जमून कोबीची किमची घालायला बसल्या, तशी मी पोळपाट बाजूला ठेवून टेकलेच. हात लाल, मसाला चोळणं चाललेलं, तोंडं त्याहून जोरात चाललेली! आमच्या गल्लीत उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला आणि पापड लाटायला बसलेल्या बायकाच त्या. किमची घालण्याच्या या सामुदायिक प्रथेला दक्षिण कोरियात 'किमजांग' म्हणतात आणि २०१३ मध्ये युनेस्कोनं तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलंय, हे नंतर वाचलं. आमच्या कांदा-लसूण चटणीला अजून कुणी विचारलेलं नाही!

तशा या मालिका आपल्याकडं टाळेबंदीतच आल्या असं नाही. २००६ मध्ये दूरदर्शननं एक कोरियन मालिका हिंदीत 'घर का चिराग' या नावानं दाखवली होती. सोळाव्या शतकातल्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात काम करणारी मुलगी पुढं राजवैद्य होते, त्या जांग-गमची ती कथा. मूळ मालिका २००३ ची. मणिपुरात तर २००० सालापासून हिंदी चित्रपट आणि वाहिन्यांवर अतिरेक्यांनी बंदी घातली, तेव्हापासून कोरियन वाहिन्या घरोघरी पोचल्या. त्याआधी जपानची 'ओशिन' १९८३-८४ मध्ये आली आणि साठाहून अधिक देशांत पाहिली गेली. त्यातल्या सासूनं म्हणे जगभरच्या बायकांना रडवलं. २०१४ मध्ये पाकिस्तानी मालिका आपल्याकडं दिसू लागल्या, तेव्हा 'जिंदगी गुलजार है' आणि 'हमसफर'साठी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये बायका डबे खाताना भांडायच्या.

या सगळ्यांतली मला आवडलेली पहिली गोष्ट म्हणजे त्या संपतात! पाकिस्तानी मालिका पंचवीसेक भागांत, कोरियन बहुतेक सोळा भागांत. सांगायचं ते सांगून मंडळी उठतात. पाहुण्यांसारखं त्यांचंही वेळेवर उठणं महत्त्वाचं असतं. आपल्या मालिका म्हणजे सकाळी "पाच मिनिटं बसते" म्हणून आलेल्या आणि दिवेलागणीपर्यंत न हललेल्या पाहुण्या. मग त्यांच्याकडं बोलायला काही उरत नाही आणि कुणाला तरी विष घालावं लागतं, कुणाची तरी स्मृती घालवावी लागते.

दुसरी गोष्ट घराची. आपल्या मालिकांतल्या सुना रात्री झोपतानाही नथ काढत नाहीत आणि त्यांच्या स्वयंपाकघरात कधी खरकटं दिसत नाही. याच्या उलट 'रिप्लाय १९८८' ही २०१५ ची मालिका बघा. सेऊलमधली एक गल्ली, पाच कुटुंबं. पहिल्याच भागात जेवणाच्या वेळी आई पोराच्या हातात वाडगा देऊन शेजारी पाठवते. शेजारीण त्याच वेळी तिच्या पोराच्या हाती दुसरं काही पाठवते. आणि बिचारी पोरं गल्लीत एकमेकांना आडवी जात राहतात. "वाटी रिकामी परत द्यायची नाही" हे मला माझ्या आईनं शिकवलं ते मंगळवार पेठेत. त्या पोरांना त्यांच्या आयांनी शिकवलं सेऊलमध्ये. गल्लीत लाकडी बाकावर आया भाजी निवडत बसतात आणि त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. अमक्याची आई, तमक्याची आई, एवढंच. त्या घरातल्या मधल्या मुलीचा वाढदिवस दरवर्षी मोठ्या बहिणीच्या केकवरच उरकतात. ती एके दिवशी रडते, आणि बाप रात्री छोटासा केक घेऊन येतो आणि कबूल करतो की बाप होणं त्यालाही नव्यानंच शिकावं लागतंय. मी स्वतः मधली बहीण. पुढचं काही सांगत नाही.

सासूबाई माझ्या या कार्यक्रमात आल्या त्या दुखऱ्या गुडघ्यांमुळं. रात्री झोप लागेना, मग माझ्याशेजारी येऊन बसू लागल्या. "काय म्हंतोय गं त्यो?" खाली इंग्रजी अक्षरं धावत असतात, ती त्यांना वाचता येत नाहीत. मग मी वाचून मराठीत सांगू लागले, तेही आमच्या कोल्हापुरी मराठीत. आम्ही इथल्या बायका "मी जातो, मी येतो" म्हणतो, त्यामुळं माझ्या तोंडून सेऊलची नायिकाही "येतो मी" म्हणून निघते. सासूबाईंना त्यात काही वावगं वाटत नाही.

हे करताना माझ्या लक्षात एक मौज आली. कोरियन भाषेत मोठ्यांशी, अनोळखी माणसांशी बोलताना क्रियापदाचं रूप बदलतं, जवळच्यांशी वेगळं. आपलं तू, तुम्ही आणि आपण तसंच. दोघं तरुण बरेच दिवस आदरानं बोलत असतात आणि एके दिवशी अरे-तुरेवर येतात, तो त्यांच्या प्रेमाचा मोठा टप्पा असतो. इंग्रजीत मात्र आधीही 'यू' आणि नंतरही 'यू'! मराठीत सांगताना मला 'अहो'चं 'अरे' करता येतं आणि सासूबाई लगेच म्हणतात, "हां, जमलं म्हणायचं." तीच गोष्ट नात्यांची. आईची बहीण 'इमो', बापाची बहीण 'कोमो'. इंग्रजी बिचारं दोघींना 'आंटी' म्हणतं. आमच्याकडं मावशी आणि आत्या तयारच आहेत. बापाला तर ते 'आप्पा'च म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाई ताठ बसल्या, "हे तर आपलंच!" त्यांचे वडील साऱ्या गावाचे आप्पा होते.

आणि भेटल्यावर काय विचारतात, माहीत आहे? "जेवलीस का?" खुशाली विचारायची त्यांची हीच रीत. भांडण मिटवायचं असो, प्रेम सांगायचं असो, आजाऱ्याला धीर द्यायचा असो, आधी "जेवलीस का?" ते ऐकलं की सासूबाई माझ्याकडं बघतात आणि आम्हा दोघींना वसगड्याची ओसरी आठवते.

आता दोषही सांगते, नाहीतर वहिनी म्हणतील हिला भूल पडलीय. यांचे नायक फार वेळा अब्जाधीशांचे चिरंजीव असतात आणि गरीब मुलीचा दंड धरून तिला ओढत नेण्याला ते प्रेम समजतात. असं माझ्या मुलीच्या बाबतीत कुणी केलं तर मी पायताण काढीन, तेही कोल्हापुरी! दारू पाण्यासारखी पितात. कातडी अशी तुकतुकीत की माझ्या वर्गातल्या मुली आता चेहऱ्याला काय काय लावून येतात आणि सावळ्या रंगाची लाज बाळगू लागल्यात, याचं मला वाईट वाटतं.

आणि पडदा म्हणजे देश नव्हे, हेही ध्यानात ठेवावं. 'विंटर सोनाटा' ही २००२ ची कोरियन मालिका जपानमध्ये इतकी गाजली की तिथल्या प्रौढ बायका नामी बेटावर त्या उंच झाडांच्या रांगेतून चालायला झुंडीनं जाऊ लागल्या. बेट सुंदरच असणार. पण मला आपली शंका, तिथंही कुणीतरी आजी खराटा घेऊन कागदी कप गोळा करत असतील. किम जी-यंग या बाईवरचा २०१९ चा कोरियन चित्रपट मी मालिकांनंतर पाहिला. तो २०१६ च्या कादंबरीवरून काढलेला आहे. त्यात सणाला सासरी गेलेली सून दिवसभर ओट्याशी उभी आहे आणि माहेरी जायची वेळ झाली तरी तिची सुटका होत नाही. 'चुसोक' हा त्यांचा सुगीचा सण. पूर्वजांना पानं वाढायची, आणि ती रांधायची सुनांनी. सणानंतर बायकांना येणाऱ्या आजारपणाला तिकडं नावच आहे, 'सणाचं दुखणं'. कुटुंबप्रमुख कायद्यानं पुरुषच मानायची पद्धत तिथं २००८ मध्ये संपली. त्या देशात २०२३ मध्ये जन्मदर दर स्त्रीमागे सरासरी ०.७२ इतका खाली आला, तेव्हा तिथल्या मुली लग्न आणि मूल या दोहोंना का बिचकत असतील, हे मालिकेतल्या गुलाबी दिव्यांत दिसत नाही. पण चांगल्या मालिकांत ते कोपऱ्यातून दिसतं. तेवढ्यासाठीच मी बघते.

असाच एक कोपरा मार्च २०२५ मध्ये दिसला. 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' ही मालिका. जेजू बेटावरच्या एका जोडप्याचं सबंध आयुष्य, सोळा भागांत, वसंतापासून हिवाळ्यापर्यंत. नायिका ए-सुनची आई समुद्रात बुडी मारून शिंपले काढणारी. या बायकांना 'हेन्यो' म्हणतात. प्राणवायूची नळकांडी न घेता, नुसता श्वास रोखून खाली जातात. ए-सुनला कवयित्री व्हायचं असतं. होते ती सून.

सासरी जेवणाचा प्रसंग आहे. पुरुष मंडळी मोठ्या मेजाशी, ताटं भरलेली. बायका पलीकडं छोट्या मेजाभोवती दाटीवाटीनं. नवरा ग्वान-शिक पुरुषांत बसलेला. तो फार बोलणारा माणूस नाही. भाषण करत नाही, भांडत नाही. तो फक्त बसल्या जागी वळतो, पुरुषांच्या मेजाकडं पाठ करतो आणि बायकोकडं तोंड करून जेवू लागतो. एवढंच. घरातली थोरली माणसं अवाक् होतात.

त्या वेळी वाचून सांगण्यासारखं पडद्यावर काही नव्हतंच. सासूबाईही काही बोलल्या नाहीत. भाग संपला, मी टीव्ही बंद केला. अंधारात त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं वाढलं मी ह्यांना. कधी म्हणून विचारलं न्हाई, तू जेवलीस का."

मामंजी वाईट नव्हते. कष्टाळू, निर्व्यसनी. सासूबाईंना त्यांनी कधी टाकून बोललेलं मी ऐकलं नाही. फक्त मागं वळून बघायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि सासूबाईंनी सांगायचं असतं, हे त्यांनाही नव्हतं. मी त्यांचे पाय चेपत बसले. चोळायचं तेल संपलं तरी बसून राहिले.

आषाढ आला. कोल्हापुरात आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी त्र्यंबोलीच्या यात्रा निघतात. पंचगंगेचं नवं पाणी कलशांत भरून, वाजतगाजत टेकडीवर देवीला न्यायचं, आणि मग घरोघर मटणाचा बेत. आमच्याकडं त्या दिवशी दीर-जावा, नणंद आणि पोरंबाळं मिळून अठरा-वीस पानं होतात. सकाळपासून आम्ही वाटण वाटतो, भाकऱ्या थापतो. पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची. आमची वेळ येईतो साडेतीन वाजलेले असतात, सुकं संपलेलं असतं आणि तांबड्या रश्श्यात चमचा फिरवून तुकडा शोधावा लागतो. याची आम्ही जावा-जावा थट्टा करतो. थट्टा करता येते म्हणून तर इतकी वर्षं चाललं.

यंदा पंगत बसायच्या वेळी सासूबाई खुर्ची ओढत माजघरात आल्या आणि मधोमध बसल्या. थोरल्या मुलाला, म्हणजे आमच्या ह्यांना, म्हणाल्या, "आज सगळी एकदम बसूया. बाया बी. भाकरी, रस्सा मधी ठेवा, ज्याचं त्यानं घ्यावं. आन् आधी ह्या पोरींना तू वाढ."

कुणाला काही समजेना. दीर म्हणाले, "आई, गरम भाकरी मग कोण करणार?" सासूबाई म्हणाल्या, "एक दिस गार खा."

ह्यांनी वाढलं. पांढरा रस्सा सतरंजीवर सांडला, मीठ वाढायचं विसरले, आणि माझ्या ताटात नळी वाढताना ते थोडे ओशाळले असं मला वाटलं. भाकरी गार होती. इतकी चवीची गार भाकरी मी कधी खाल्ली नव्हती. समोर सासूबाई बसल्या होत्या. सूनही आणि सासूही झालेल्या त्या बाईनं पहिल्या पंगतीला जेवायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिली यात्रा.

हे काही घर बदललं, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे मीच भरले. गौरी-गणपतीत पुन्हा पहिली पंगत, दुसरी पंगत झालीच, फक्त त्या वेळी नणंदेनं मोठ्यानं विचारलं, "आई, आज कुठली पंगत?" आणि सगळे हसले. हसण्यावारी का होईना, प्रश्न घरात आला.

तर वहिनी, मला त्या लांबच्या माणसांचं काय कळतं? फारसं काही कळत नाही. त्यांची लिपी कळत नाही, त्यांची किमची मला आंबट लागते. पण आपल्याच घरातली पंगत रोज बघून डोळे सरावतात. ती दुसऱ्याच्या घरात दिसली, की मगच दिसते. वसगड्याला आम्ही वाडा बघायला गेलो आणि ओसरी बघून आलो, तसंच काहीसं.

त्या यात्रेच्या रात्री भांडी घासून हातपाय धुऊन मी बसले. सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "लाव की. त्या वळून बसलेल्या पोराचं पुढं काय झालं?"

"आई, ती मालिका संपली की. आपण शेवटपर्यंत बघितली, तुम्ही रडलात."

"असू दे," त्या म्हणाल्या. "परत पहिल्यापासनं लाव."

ह्यांनी दारातून डोकावून विचारलं, "लागली का चिनी मंडळी?" आणि मग, जरा थांबून, "मी बसू का?"